हत्तरग्यांची विषारी चेरी

दयानंदराव हत्तरगे जिल्ह्यातल्या एका मोठ्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या टेबलावर एकही कागद शिल्लक नव्हता. सगळे दुसऱ्यांच्या टेबलावर पाठवलेले होते. असा निष्कलंक माणूस लातुरात गुरुकृपा कॉलनीत घर बांधून राहू लागला आणि दोन महिन्यांत त्याच्या लक्षात आलं, की इथं आपल्याला कुणी उठून नमस्कार करत नाही. नमस्कार होता तो समोरच्या आप्पासाहेबांच्या जास्वंदीला. सकाळी फिरायला जाणारे लोक त्या जास्वंदीपुढं थांबायचे, फोटो काढायचे, कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचे. दयानंदरावांच्या घरापुढं थांबावं असं काही नव्हतंच. कंपाउंडच्या आत सगळीकडं फरशी होती आणि फरशीचा फोटो कुणी काढत नाही.

तेव्हा ते औसा रोडवर खाजाभाईच्या नर्सरीत गेले.

"फुलाचं पायजे का फळाचं?" खाजाभाईनं विचारलं.

"दोन्हीचं."

"दोन्हीचं एकच हाय. चेरी. फुलं गुलाबी, झालरीची. फळं लालभडक. बघायला बी होतात, खायला बी होतात. साल में तीन-चार बार बहर."

"पूर्ण नाव काय?"

खाजाभाईनं थोडा विचार केला. "फॅन्सी चेरी," तो म्हणाला.

कारकुनी जिवाला या नावानं समाधान व्हायला नको होतं. पण पिशवीतल्या त्या वीतभर रोपाला दोन गुलाबी फुलं होती आणि दयानंदरावांना ती आप्पासाहेबांच्या जास्वंदीकडं तुच्छतेनं बघताना दिसली.

घरी आल्यावर पहिला अडथळा पत्नी नीलम्मांचा. त्या निलंग्याच्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की त्यावर अपील नसायचं. "फरशी फोडायची न्हाई," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या. मग रोप लागलं कंपाउंडच्या बाहेर, भिंत आणि नाली यांच्यामधल्या दोन फुटांच्या पट्टीत. ही जागा कुणाची, हा प्रश्न दयानंदरावांना पडला नाही. हा प्रश्न ते बत्तीस वर्षं दुसऱ्यांना विचारत आले होते. स्वतःला विचारायची सवय नव्हती.

झाड लावलं, की सल्ला देणारे आपोआप उगवतात. त्यांना खत लागत नाही. आप्पासाहेबांची किल्लारीकडं शेती. स्वतः ते शहरात राहून फोनवर करायचे. त्यांनी चेरीकडं बघून च्‌च्‌ केलं. "लाड करायलाव तुम्ही. ताण द्या ताण. डाळिंबाला देत्यात तसं. महिनाभर पाणी तोडा, बगा कसं फुलतंय." महिनाभर पाणी तोडलं. सगळी पानं गळली आणि झाडाची खराट्याची काडी झाली. मग रामलिंग सर आले. सर निवृत्त पी. टी. शिक्षक. पासष्टीतही पहाटे चार फेऱ्या मारायचे आणि प्रत्येक गोष्टीवर ताक सांगायचे. झाडाला ताक झालं. त्यानंतर कुणीतरी जीवामृत सांगितलं, म्हणून शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवलेला ड्रम फाटकाशी ठेवण्यात आला. आठ दिवसांनी त्या ड्रमाचा वास असा काही उठला, की ग्रुपवर "नाली तुंबली आहे का?" अशी चौकशी सुरू झाली आणि त्यावर पहिली तीव्र नाराजी दयानंदरावांनीच नोंदवली.

शेजारच्या हाजराबींनी मात्र काहीच सांगितलं नव्हतं. मूळ उमरीच्या, नवरा वारल्यावर मुलाकडं लातूरला आलेल्या. त्यांच्या लोणच्याच्या बरण्या कॉलनीभर फिरायच्या. एकदा नीलम्मांनी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "झाडाला काय लगता, बाई. धूप, पानी, आन् थोडा सबर." या सल्ल्यात काहीच खटपट नव्हती, त्यामुळं कुणी तो मनावर घेतला नाही.

तरीही तिसऱ्या वर्षी चेरी फुलली. कमरेच्या वर वाढलेल्या त्या झुडपावर गुलाबी झालरी लागल्या आणि महिन्याभरात पानापानाआड लाल मणी लोंबू लागले. आंबटगोड, पाणीदार, आत तीन बिया. दयानंदरावांनी फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या छोट्याशा प्रयत्नांना आलेले फळ." एकसष्ट अंगठे आले. आप्पासाहेबांनी अंगठा दिला नाही, त्यामुळं आनंद पुरा झाला.

हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी सकाळी झाडावर फक्त हिरवी फळं होती. सहाव्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी दयानंदराव खिडकीच्या पडद्याआड उभे राहिले आणि त्यांनी जे पाहिलं त्यानं त्यांचा शिक्षणव्यवस्थेवरचा विश्वास उडाला. रामलिंग सर पहिल्या फेरीला आले, इकडंतिकडं बघितलं, आणि कवायतीत हात वर-खाली करावेत अशा शिस्तीत दोन्ही हातांनी चेरी तोडून तोंडात टाकत, पाय न थांबवता पुढं गेले. दुसऱ्या फेरीला पुन्हा. चार फेऱ्यांमध्ये झाड साफ.

आता समोर जाऊन "सर, तोडू नका" म्हणणं काही अवघड नव्हतं. पण दोन मूठ फळांसाठी एका निवृत्त शिक्षकाला हटकायचं म्हणजे आपली पायरी सोडायची. दयानंदरावांनी पायरी न सोडता ग्रुपवर लिहिलं : "काही सुशिक्षित नागरिक इतरांच्या श्रमाची फळे परस्पर तोडत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही बाब खेदजनक आहे." खाली अकरा जणांनी हात जोडले. सगळ्यात आधी उत्तर आलं ते रामलिंग सरांचं. "तीव्र निषेध. असल्या लोकांना लाज वाटली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी झाड पुन्हा साफ होतं.

तेव्हा दयानंदरावांनी हुकमी शस्त्र काढलं. पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली. मजकूर अर्थात स्वतःचा. "सूचना : सदर झुडपाची फळे विषारी असून ती तोडल्यास अथवा सेवन केल्यास होणाऱ्या परिणामांस मालक जबाबदार राहणार नाहीत. — आदेशावरून." खाली लपेटदार सही.

नीलम्मांनी पाटी वाचली. "विषारी म्हणताव, अन् आपुन खाताव."

"आपण मागच्या दारी खायचं," दयानंदराव म्हणाले.

पाटी लावायला ते सकाळी सव्वासहाला बाहेर आले. सगळा घोटाळा या पंधरा मिनिटांचा. रामलिंग सरांची पहिली फेरी सहालाच झालेली होती. पाटी ठोकून दयानंदराव फाटकात शिरत होते, तेवढ्यात दुसऱ्या फेरीला सर वळणावरून आले, हात सवयीनं फांदीकडं गेला, चार फळं तोंडात पडली, आणि मग डोळ्यांसमोर तांबडी अक्षरं आली. सरांनी पाटी एकदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग त्यांनी तोंडातलं थुंकलं आणि नालीच्या झाकणावर बसून घेतलं.

"काय झालं सर?" दयानंदरावांनी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहता येत नव्हतं.

"हाताला खाज सुटायली," सर म्हणाले. "मुंग्या यायल्यात. डोळ्यापुढं अंधारी यायली."

खाज खरी होती. या झाडाच्या कोवळ्या पानांवर बारीक लव असते, ती टोचते. रोजच टोचत असणार. पण पाटी वाचल्यावर तिला अर्थ आला. पाच मिनिटांत कॉलनी जमली, दहा मिनिटांत रिक्षा आली. दयानंदराव हातात हातोडी घेऊन उभे होते. याच वेळी "पाटी खोटी आहे" असं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पन्नास लोकांदेखत, स्वतःच्या सहीचा मजकूर खोटा आहे असं कोणता अव्वल कारकून म्हणेल?

दवाखान्यात डॉक्टरांनी सरांना तपासलं, काही सापडलं नाही, म्हणून सलाइन लावलं. संध्याकाळी दयानंदराव शहाळं घेऊन भेटायला गेले. खोलीत कुणी नाही असं बघून ते वाकले आणि हळूच म्हणाले, "सर, घाबरू नका. ती फळं विषारी न्हाईत. पाटी उगंच लावली होती."

सरांनी डोळे उघडले. "म्हणजे आता जबाबदारी टाळायला आलाव तुम्ही."

"तसं न्हाई ओ. तुम्ही आठवडाभर रोज खाताव की. काय झालं का?"

हे वाक्य बोलून दयानंदरावांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. सरांचा चेहरा सलाइनच्या बाटलीसारखा पांढरा झाला, मग लाल झाला. "मी? रोज?" ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागाकडं त्यांची लेखी तक्रार गेली. "सार्वजनिक रस्त्यावर विषारी वनस्पती लावून नागरिकांच्या जीविताशी खेळ. अर्जदाराकडून अनवधानाने एका फळाचे सेवन होऊन..." अनवधान हा शब्द सरांना कुठून सुचला कुणास ठाऊक, पण दयानंदरावांना त्याचा हेवा वाटला.

नोटीस आली. येत्या सोमवारी जागेची पाहणी होईल. झुडूप विषारी आढळल्यास मुळासकट काढण्यात येईल. तत्पूर्वी खुलासा सादर करावा.

दयानंदराव उद्यान विभागात गेले. टेबलावरच्या कारकुनानं नोटीस उलटीसुलटी करून बघितली. "फळ खायचं असतंय का? मग ते फळझाड झालं. आम्ही शोभेची झाडं बघतो. कृषीकडं जावा." कृषी कचेरीतल्या माणसानं यादी काढली. आंबा, चिंच, सीताफळ, डाळिंब. "चेरी न्हाई ह्यात. फुलासाठी लावलाव ना? मग ते शोभेचं. उद्यानकडं जावा." दयानंदराव पुन्हा उद्यानकडं आले. साहेब जेवायला गेले होते. पुन्हा कृषीकडं गेले. उद्या या, असं सांगण्यात आलं. जिन्यावर बसून त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि त्यांना मनापासून वाटलं, की लोक एकमेकांना असं का वागवतात. याचं उत्तर त्यांच्याइतकं तपशीलवार दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या क्षणी ते त्यांना आठवलं नाही.

शेवटी एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी फांदी बघून लॅटिन नाव लिहिलं आणि लेटरहेडवर दोन ओळी दिल्या : फळ खाद्य आहे, जीवनसत्त्व भरपूर. दयानंदरावांनी तो कागद लॅमिनेट केला. लढाई जिंकली होती. कागद होता.

रविवारी सकाळी आप्पासाहेब रस्ता ओलांडून आले. त्यांनी एक पिकलेली चेरी तोडली, नखानं फोडली आणि दयानंदरावांच्या नाकाखाली धरली. आत पांढरी बारीक अळी वळवळत होती.

"साहेबानं फळ फोडलं अन् ही निगाली तर?" आप्पासाहेब म्हणाले. "विषारी बी अन् किडकं बी. माझ्या गाडीत पंप हाय. सोयाबीनचं औषध बी हाय. पाच मिनिटाचं काम."

बाटलीवर विषाच्या खुणेचा पिवळा त्रिकोण होता. दयानंदरावांनी तो पाहिला. "मग खायचं किती दिवस न्हाई?"

"दहा-बारा दिस. पर खायचं कुणाला हाय? तपासणी तर कागदाची ऱ्हाती."

हे दयानंदरावांना तंतोतंत पटलं. बत्तीस वर्षांत त्यांनी कोणत्याही साहेबाला कागद सोडून वस्तूकडं बघताना पाहिलं नव्हतं. विहिरीची पाहणी व्हायची, पण विहिरीत कुणी वाकून बघायचं नाही. तेव्हा फवारणी झाली. नीलम्मा शनिवारपासून निलंग्याला बहिणीकडं होत्या. सोमवारी सकाळी त्या परतल्या तोवर दयानंदराव खुलाशाचा तिसरा मसुदा लिहीत होते आणि फवारणीची गोष्ट सांगायची राहून गेली.

अकराला उद्यान निरीक्षक आल्या. शिल्पा मॅडम, तिशीच्या आत, पायात बूट. बरोबर पॅड घेतलेला एक कारकून. मागं सगळी कॉलनी. रामलिंग सरांनी सलाइनची पट्टी पंधरा दिवस झाले तरी हातावर जपून ठेवली होती.

दयानंदरावांनी लॅमिनेट केलेला कागद दोन्ही हातांनी पुढं केला. मॅडमनी तो वाचला. मग पाटी वाचली.

"दोन्ही कागद तुमचेच," त्या म्हणाल्या. "एकावर खाद्य, एकावर विषारी. खरा कोणता?"

"हा. प्राध्यापकांचा."

"ठीक. मग एक खाऊन दाखवा, म्हणजे मिटलं."

दयानंदरावांनी आप्पासाहेबांकडं बघितलं. आप्पासाहेबांना एकदम आठवलं, की बोअरची मोटर चालू राहिली आहे, आणि ते घरात गेले.

"आज सोमवार," दयानंदराव म्हणाले. "उपास असतो माझा."

"उपासाला फळ चालतंय की," नीलम्मा फाटकातून म्हणाल्या. आठ दिवस नवऱ्याची पायपीट बघून त्यांना ते झाड वाचावं असं मनापासून वाटत होतं.

"शुगरचं जरा..."

"परवाच्या बारशात चार गुलाबजाम खाल्ले ह्यांनी," रामलिंग सरांनी मॅडमला माहिती दिली. "मी मोजलेत."

"धुऊन आणतो," दयानंदराव म्हणाले आणि चार चेरी मुठीत घेऊन घाईनं आत गेले. डोक्यात एक तेजस्वी कल्पना आली होती. फवारणीआधी तोडलेल्या चेरींची वाटी फ्रिजमध्ये होती. हातातल्या टाकायच्या, वाटीतल्या खायच्या. कचेरीत असे कागद त्यांनी सहज बदललेले होते. त्यांनी फ्रिज उघडला. वाटी नव्हती. ती शनिवारीच बहिणीसाठी निलंग्याला गेली होती.

ते रिकाम्या हातांनी बाहेर आले तेव्हा फाटकाबाहेरची कुजबुज वाढली होती. रामलिंग सर म्हणत होते, "बघा, खातच न्हाईत." आणि झाडाशी हाजराबी उभ्या होत्या. त्यांनी ओंजळभर चेरी तोडलेल्या होत्या.

"इत्तीसी बात," त्या मॅडमना सांगत होत्या. "कायकू भाईसाबकू सतारे तुमी? हमारे उमरीकू भी था ये झाड. बचपन से खाये. देखो, मैं खाती."

त्यांचा हात तोंडाकडं गेला.

दयानंदराव हत्तरगे आयुष्यात कधी धावले नव्हते. बदलीचा हुकूम आला तेव्हाही नाही. पण त्या फाटकापासून झाडापर्यंतचं अंतर त्यांनी कसं कापलं, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी हाजराबींच्या मनगटावर जोरात फटका मारला. चेरी रस्त्यावर उडाल्या. एक काचेची बांगडी फुटली.

"खाऊ नका," ते म्हणाले. दम लागला होता. "तोंडात गेली का एक तरी? सांगा. गेली का?"

"नई, एक भी नई गई," हाजराबी मनगट धरून म्हणाल्या. त्या चकित झाल्या होत्या, आणि दुखावल्याही होत्या.

"विषारी आहेत," दयानंदराव म्हणाले.

"मी काय म्हणत होतो?" रामलिंग सर म्हणाले.

"तसं न्हाई ओ. विषारी न्हाईत. पण आज हायत." मग त्यांनी सगळं सांगितलं. पाटी का लावली, काल काय मारलं, कशासाठी मारलं. सांगताना ते मॅडमकडं बघत नव्हते, हाजराबींच्या मनगटाकडं बघत होते. तिथं रक्ताचा एक बारीक ठिपका आला होता.

"म्हणजे पाटी लावली तेव्हा खोटी होती," शिल्पा मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि आता खरी आहे."

"होय."

मॅडमनी कारकुनाला पंचनामा लिहायला सांगितलं. तो बिचारा पेन घेऊन अडला. झुडूप विषारी आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे. दोनदा खोडलं. दयानंदराव थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांना राहवेना.

"लिहा," ते म्हणाले. "सदर झुडूप मूलतः निर्विष असून, त्यावर मालकाने स्वतःच्या प्रतिष्ठेपोटी प्रथम पाटीद्वारे व तदनंतर पंपाद्वारे विष चढविल्याचे दिसून येते. स्वल्पविराम द्या. शेजारील महिलेच्या जीवितास त्यामुळे निर्माण झालेला धोका मालकाच्या लक्षात येण्यास एक दिवस विलंब झाला."

कारकून भराभर लिहीत होता. इतका सुबक पंचनामा त्या विभागात कधी झाला नव्हता. फक्त एका ठिकाणी मॅडमनी दुरुस्ती केली. "मालक" खोडून त्यांनी "लागवड करणारा इसम" असं लिहिलं. जागा सार्वजनिक, म्हणून झाड सार्वजनिक. ते काढायचं नाही. पाणी घालणं, निगा राखणं हे सदर इसमाकडं. पाटी बारा दिवस ठेवून मग उतरवायची. दयानंदरावांनी खाली सही केली. या खेपेला तिला लपेट नव्हती.

दुपारी नीलम्मांना घेऊन ते हाजराबींच्या दारात गेले. हातात बांगड्यांचा एक जोड होता. सरकारी भाषेत माफीसाठी एक वाक्य होतं, पण ते दिलगिरीचं होतं आणि इथं पुरणार नव्हतं.

"मारलं मी तुम्हाला," ते म्हणाले.

"मारे," हाजराबी म्हणाल्या. "अब बैठो. चाय पीके जाव."

बारा दिवसांनी पाटी उतरली. झाडाला पाणी मिळत होतं, पुढचा बहर आला आणि पिकून लाल झाला. दयानंदराव सकाळी सहाला खिडकीत उभे राहिले. कुणी हात लावला नाही. लोक येत, झाडापाशी आले की रस्ता ओलांडून आप्पासाहेबांच्या बाजूनं जात. चेरी पिकून खाली पडू लागल्या, नालीत जाऊ लागल्या. तीन दिवस त्यांनी हे पाहिलं. चौथ्या दिवशी वाटी भरली आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

"घ्या हो," ते म्हणत. "धुतलेल्या हायत. फवारणी केलेली न्हाई."

"आधी तुम्ही खा," लोक म्हणत.

दयानंदराव एक खात. मग समोरचा एक घेई, फार तर दोन. त्या सकाळी त्यांनी सत्तावीस माणसांना चेरी खाऊ घातली आणि सत्तावीस चेरी स्वतः खाल्ल्या. त्यांचे दात आंबले, तरी ते उभे होते.

सगळ्यात शेवटी रामलिंग सर आले. चौथी फेरी होती. ते थांबले, वाटीकडं बघितलं. दयानंदरावांनी अठ्ठाविसावी चेरी तोंडात टाकली, चावली, गिळली. सरांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली आणि जागच्या जागी पाय हलवत दहा मिनिटं त्यांच्या चेहऱ्याचं निरीक्षण केलं. दयानंदराव सरळ उभे राहिले.

दहा मिनिटं झाली. सरांची खात्री पटली. त्यांनी वाटी हातात घेतली, "व्हिटॅमिन चांगलं हाय," असं म्हणाले, आणि ती तशीच घेऊन पाचव्या फेरीला निघून गेले. वाटी स्टीलची होती. तिच्यावर नीलम्मांचं नाव घातलेलं होतं. ती काही परत आली नाही.